आवाजाचे आंकडे



वीसएक वर्षांपूर्वीं आपल्या मध्यम स्थितींतील घरांतून एक देखावा नेहमीं दिसत असे. बैठकीच्या खोलींत संगणक मांडलेला, त्याच्यावर घरींच विणलेलें आच्छादन, आणि कॉलेजांत जाणारा एखादा मुलगा त्या यंत्राचा कप्पा उघडून त्यांत एक चकचकीत चकती अलगद ठेवीत आहे. पाठीमागें उभे राहून मामा विचारीत, "झाली कां रे भरून?" गाणीं 'भरणें' हा शब्द कॅसेटच्या काळापासूनच आपल्या घरांत रुळलेला होता; कोपऱ्यावरच्या दुकानांत यादी द्यावी आणि दोन दिवसांनीं भरलेली कॅसेट घेऊन यावें, हा शिरस्ता होता. तोच शब्द पुढें सीडीलाहि लागला. कोणी 'राइट करणें' म्हणत, कोणी 'बर्न करणें' म्हणत. आज तो कप्पाच नव्या संगणकांतून बहुतेक नाहींसा झाला आहे. फार तर पंधरा वर्षें टिकलेल्या ह्या गृहोद्योगाची हकीकत आज आपल्यापुढें ठेवावी, असा माझा विचार आहे.

मी कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. उभा जन्म मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेला. परंतु हा विषयच मुळीं अंकगणिताचा आहे. शिवाय ह्या उद्योगांत हातून एक प्रमाद घडल्यामुळें मला त्याच्या मुळाशीं जावें लागलें. तो प्रमाद ओघानें पुढें येईलच.

एडिसनचा १८७७ सालचा फोनोग्राफ आणि बर्लिनरची १८८७ सालची सपाट तबकडी ह्यांची कथा आपण अनेकदां ऐकली असेल. ती मी येथें पुन्हां सांगत नाहीं. एवढेंच लक्षांत ठेवावयाचें कीं, त्या तबकडीवर आवाजाची आकृतीच कोरलेली असे. आवाज जसा हेलकावे घेई तशी रेघ नागमोडी होई आणि सुई त्या रेघेवरून चालली कीं तेच हेलकावे पुन्हां उठत. कॅसेटच्या फितीवर रेघेच्या जागीं चुंबकत्व आलें, पण तत्त्व तेंच राहिलें. ह्या पद्धतीचा एक मोठा दोष म्हणजे प्रतीची प्रत काढली कीं ती पहिलीहून उतरती होते. कॅसेटवरून कॅसेट भरणाऱ्यांना हें पक्कें ठाऊक होतें. तिसऱ्या हातच्या कॅसेटींत गाण्यापेक्षां खसखसच अधिक.

ह्यावर एक सर्वस्वीं निराळा तोडगा १९३७ सालीं पॅरिस येथें काम करणाऱ्या ॲलेक रीव्ह्ज नांवाच्या इंग्रज अभियंत्याला सुचला. त्याला चिंता गाण्याची नव्हती, टेलिफोनची होती. लांब तारेंतून बोलणें पाठवितांना वाटेंत गोंगाट मिसळतो, आणि आवाज वाढवावयास जावें तों गोंगाटहि वाढतो. रीव्ह्जनें विचार केला कीं, आवाजाची आकृती पाठवूंच नये; तिचीं मोजमापें पाठवावींत. तापकरी माणसाचा ताप तासातासानें मोजून डॉक्टर तक्त्यावर ठिपके मांडतात व ठिपके जोडले कीं तापाची चढउतार डोळ्यांपुढें उभी राहते, तसेंच हें. फरक इतकाच कीं येथें तासाला एकदां मोजून भागत नाहीं, सेकंदाला हजारों वेळां मोजावें लागतें. तीं मोजमापें 'आहे' आणि 'नाहीं' अशा दोनच खुणांनीं लिहिलीं, म्हणजे वाटेंत कितीहि गोंगाट मिसळला तरी पलीकडच्या टोंकाला खूण होती कीं नव्हती एवढेंच ओळखावयाचें राहतें. १९३८ सालीं त्यानें फ्रान्समध्यें ह्याचें एकस्व घेतलें. परंतु त्या काळच्या काचेच्या व्हॉल्व्हांनीं असलें यंत्र बांधणें अतोनात खर्चाचें होतें. कल्पना कागदावर राहिली. ट्रान्झिस्टरचा शोध लागावयास १९४७ साल उजाडलें.

किती वेळां मोजावें, ह्या प्रश्नाचें उत्तर मात्र गणितज्ञांनीं देऊन ठेविलें होतें. नायक्विस्ट, कोटेल्निकोव्ह, शॅनन हीं नांवें ह्या संबंधांत घेतात. नियम सोपा आहे: ज्या सर्वांत उंच स्वरापर्यंत आवाज टिपावयाचा, त्याच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां मोजावें, मग मधलें कांहींएक हरवत नाहीं. तरुण निरोगी कानाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकूं येतें. म्हणजे ४०,००० च्या वर मोजणें भाग आलें. सीडीवर तें प्रत्यक्षांत सेकंदाला ४४,१०० वेळां मोजतात.

आतां हा ४४,१०० आंकडा कोठून आला? मास्तरी डोळ्यांना प्रथम दिसतें तें हें कीं, तो २१० चा वर्ग आहे, आणि २१० म्हणजे २, ३, ५ व ७ ह्या पहिल्या चार मूळ संख्यांचा गुणाकार. मला वाटलें, कोणा गणितज्ञानें मुद्दाम हौसेनें निवडला असावा. खरें कारण फारच बाजारी निघालें. १९७० नंतरच्या दशकांत एवढे आंकडे भराभर सांठवूं शकेल असें सोयीचें साधन म्हणजे दूरचित्रवाणीचीं चित्रें टिपणारा व्हिडिओ-रेकॉर्डर. चित्राच्या प्रत्येक आडव्या ओळींत तीन मोजमापें बसवीत. जपान-अमेरिकेंतील पद्धतींत सेकंदाला ६० अर्धचित्रें व प्रत्येकांत उपयोगी ओळी २४५. युरोपांतील पद्धतींत ५० अर्धचित्रें व ओळी २९४. गुणाकार करून पाहावा: दोन्हीकडे उत्तर ४४,१०० च येतें. दूरचित्रवाणीच्या दोन निरनिराळ्या पद्धतींना चालेल असा आंकडा साधला, आणि व्हिडिओची फीत वापरांतून गेली तरी तो सीडीला जन्माचा चिकटला.

सीडीचा जन्म हॉलंड व जपान ह्या दोन देशांच्या भागीदारींतून झाला. हॉलंडमधील आइंडहोवेन येथें फिलिप्स कंपनीनें ८ मार्च १९७९ रोजीं आपलें नमुन्याचें यंत्र पत्रकारांना वाजवून दाखविलें. ह्या कामामागें जे लोक होते त्यांत लू ऑटेन्स हे एक होते. १९६३ सालीं जगापुढें आलेली कॅसेट ह्याच गृहस्थांच्या हाताखालीं तयार झालेली. म्हणजे ज्यानें कॅसेट दिली त्यानेंच तिला निवृत्त करणारी वस्तूहि पुढें आणली! मग सोनी कंपनीशीं करार होऊन दोन्हीकडील अभियंते वाटाघाटीला बसले. प्रत्येक मोजमाप लिहावयास १४ खुणा पुरेत असें फिलिप्सचें म्हणणें, तर सोनी १६ वर अडून बसली. शेवटीं सोनीचें चाललें. सोळा खुणांनीं ६५,५३६ पायऱ्या मोजतां येतात. तबकडीचा व्यास कॅसेटच्या कर्णाएवढा, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटर, ठेवावा असें फिलिप्सला वाटे. तो ठरला बारा. बीथोव्हेनची नववी सिंफनी एका तबकडींत सलग बसावी म्हणून असें केलें, अशी गोष्ट सर्वत्र सांगतात. परंतु त्या बैठकींना हजर असलेले डच अभियंते कीस इमिंक ह्यांनीं, खरें कारण दोन व्यापाऱ्यांच्या चढाओढींत होतें, असें लिहून ठेविलें आहे. मला दुसरी गोष्ट अधिक पटते, पण पहिली मुलांना सांगावयास बरी.

ठराव १९८० सालीं कागदावर आला आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजीं जपानांत पहिलें यंत्र विक्रीस आलें. किंमत १,६८,००० येन. तबकडी पारदर्शक प्लॅस्टिकची. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या खळग्यांची एकच अखंड गुंडाळी असते, आतल्या कांठापासून बाहेरच्या कांठाकडे जाणारी, व तिच्या दोन वेढ्यांमधील अंतर मिलिमीटरचा सहाशेवा भाग. सेकंदाला निदान १.२ मीटर ह्या वेगानें ती वाचली जाते. ७४ मिनिटांची त्रैराशिक मांडली तर गुंडाळीची लांबी सव्वापांच किलोमीटरांच्या वर जाते. सुईचें काम लेसरचा किरण करतो, आणि किरणाला वजन नसल्यामुळें तबकडी झिजत नाहीं.

ओरखड्याचा बंदोबस्तहि गणितानेंच केला आहे. रीड आणि सॉलोमन ह्या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० सालीं चूक शोधून ती दुरुस्त करणारे जादा आंकडे जोडण्याची एक रीत प्रसिद्ध केली होती. सीडीवर ती रीत वापरून शिवाय शेजारशेजारचे आंकडे एकमेकांपासून दूर विखरून ठेवतात. एका मुलाचा निबंध एकाच वहींत न लिहितां त्याची एकेक ओळ वर्गांतील सर्व वह्यांत लिहून ठेवली, तर एक वही फाटल्यानें निबंध बुडत नाहीं, तद्वत्.

आतां घरच्या संगणकाकडे वळूं. दोन कानांचीं दोन मोजमापें, प्रत्येकीं १६ खुणा, सेकंदाला ४४,१०० वेळां. हा गुणाकार सेकंदाला १४,११,२०० खुणांचा होतो. आठ खुणांचा एक बाइट धरला, तर ७४ मिनिटांच्या तबकडीला ७८ कोटि ३२ लक्ष बाइट लागतात. आणि १९८३ सालीं निघालेल्या आयबीएमच्या एक्सटी संगणकांत किती मावत? एक कोटि. एका सीडीला असले ७८ संगणक हवेत! म्हणूनच सीडीचे नियम करणाऱ्यांनीं तिला खरें कुलूप घातलें नाहीं. चोराला उचलतांच येणार नाहीं अशा लोखंडी कोठीला कुलूप कशाला, असा हा हिशेब होता. त्या मानानें तो चुकीचाहि नव्हता. चुकला तो पुढच्या दहा वर्षांच्या अंदाजांत. कोठी तितकीच राहिली, चोराचे दंड मात्र भराभर वाढले.

घरीं लिहितां येणारी तबकडी १९८८ सालीं तायियो युदेन नांवाच्या जपानी कंपनीनें जाहीर केली. कारखान्यांतील सीडी ही छापलेली असते. निकेलच्या ठशावर वितळलेलें प्लॅस्टिक दाबून खळगे उठवितात आणि मागून ॲल्युमिनियमचा आरसा चढवितात. घरीं असा ठसा कोठून आणावा? म्हणून ह्या नव्या तबकडींत प्लॅस्टिक व आरसा ह्यांच्यामध्यें सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर घातला. लिहिण्याचा किरण वाचण्याच्या किरणाहून तीव्र असतो. तो जेथें पडतो तेथील रंग तापून कायमचा बिघडतो व पुढें वाचतांना तो ठिपका खळग्यासारखा भासतो. म्हणजे 'बर्न करणें' हा शब्द अलंकारिक नव्हे; रंग खरोखरच भाजला जातो. हें भाजण्याचें काम करणाऱ्या एका जर्मन प्रणालीनें आपलें नांव नीरो ठेवून रोम जाळणाऱ्या बादशहावर जी कोटी केली, ती आपल्याकडे अनेकांच्या ध्यानांत आली नाहीं. मुलें बिचारीं नीरोला संगणकाचाच एक भाग समजत.

आरंभीं हीं यंत्रें श्रीमंत संस्थांनाच परवडत. १९९५ सालीं अमेरिकेंत एक हजार डॉलरांच्या आंतलें यंत्र निघालें, आणि मग किंमती अशा कोसळल्या कीं, १९९९-२००० पासून आपल्याकडेहि तीं घरोघर दिसूं लागलीं. पण तें काम होतें नाजूक. लिहिणें एकदां सुरू झालें कीं अखंड चालावयास हवें. आंकडे पुरविण्यांत संगणक क्षणभर चुकला कीं तबकडी फुकट. म्हणून सीडी भरत असतांना घरांत कोणी संगणकाला हात लावावयाचा नाहीं, असा दंडक असे. सान्यो कंपनीनें २००० सालीं थांबून पुन्हां तेथूनच लिहिण्याची युक्ति काढली व ती धास्ती गेली. पण आमच्या भारनियमनावर कोणत्याच कंपनीजवळ उपाय नव्हता. २००५ नंतरचीं तीं वर्षें आपण विसरलां नसाल. वीज नेमकी शेवटच्या गाण्याला जाई. अशा वाया गेलेल्या माझ्या कितीतरी तबकड्या मेव्हण्यांच्या शेतांत पांखरें हांकण्यासाठीं दोरीला लोंबत होत्या.

येथवर जी कथा झाली ती आवाज जसाच्या तसा राखण्याची. ह्याच सुमारास जर्मनींत मात्र नेमका उलट उद्योग चालला होता, आणि माझ्या मतें ह्या साऱ्या इतिहासाचें मर्म तेथेंच आहे. एर्लांगेन येथील प्राध्यापक डीटर झाइत्सर ह्यांना टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवावयाचें होतें. एकस्वाच्या परीक्षकानें तें अशक्य म्हणून अर्ज नाकारला. झाइत्सरांनीं तो प्रश्न आपला विद्यार्थी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग ह्याच्या हातीं दिला. तार अरुंद, आंकडे प्रचंड. तेव्हां कांहीं आंकडे टाकून देणें प्राप्त होतें. प्रश्न एवढाच कीं, कोणते टाकले असतां कानाला कळणार नाहीं?

कान हा मोठा भोळा साक्षीदार आहे. देवळांत नगारा वाजूं लागला कीं शेजाऱ्याची कुजबुज ऐकूं येत नाहीं; नगाऱ्याचा ठोका संपल्यावरहि क्षणार्धापर्यंत येत नाहीं. मोठा स्वर आपल्या जवळपासच्या बारीक स्वरांना असा झांकून टाकतो. मग जे झांकलेले आहेत ते लिहावेच कशाला? ब्रांडेनबुर्ग आणि त्याचे सहकारी ह्यांनीं आवाजाचे शेंकडों पट्टे पाडून, प्रत्येक क्षणीं कोणत्या पट्ट्यांत किती ढोबळपणा खपेल ह्याचा हिशेब संगणकाला शिकविला. परीक्षेसाठीं त्यांनीं सुझान वेगा ह्या अमेरिकन गायिकेचें 'टॉम्स डायनर' हें साथीविना गाइलेलें गीत घेतलें, तों आरंभीं तो आवाज अगदीं भेसूर निघाला. एकट्या बाईचा उघडा गळा. त्यांत चूक लपावयास जागाच नाहीं. तें गीत शेंकडों वेळां ऐकत त्यांनीं आपली रीत सुधारली. आंतरराष्ट्रीय समितीनें ती १९९२ सालीं मान्य केली आणि १४ जुलै १९९५ रोजीं तिच्या फाइलींना 'एमपीथ्री' हें शेपूट कायमचें लावण्यांत आलें.

फायदा किती? चार मिनिटांच्या गाण्याला सीडीवर ४ कोटि २३ लक्ष बाइट लागत. सेकंदाला १,२८,००० खुणांच्या एमपीथ्रींत तेंच गाणें सुमारें ३८ लक्षांत मावतें. अकरावा हिस्सा! ज्या चकतींत पंधरा गाणीं बसत तींत पावणेदोनशें बसूं लागलीं. मुंबईच्या पदपथांवर त्यांचे ढीग लागले. नॅप्स्टरनें १९९९ सालीं तींच गाणीं जगभर फुकट वाटलीं आणि २००१ सालीं न्यायालयाच्या दडपणाखालीं दुकान मिटलें. एका बड्या कंपनीनें २००५ सालीं आपल्या सीडींतून गिऱ्हाइकांच्या संगणकांत गुपचूप पहारेकरी घुसविला, आणि बोभाटा झाल्यावर त्या तबकड्या परत मागविल्या. आपल्या १९५७ च्या कायद्यांत खाजगी उपयोगापुरत्या रास्त वापराला मोकळीक आहे. पदपथावरील ढीग त्या मोकळिकींत बसत नव्हते, हें विकणारा व घेणारा दोघेहि जाणून होते.

आतां माझा प्रमाद. १९८४ सालीं, साताऱ्याजवळच्या आमच्या गांवीं, उसन्या टेप-रेकॉर्डरवर मीं आईच्या जात्यावरच्या ओव्या टिपल्या होत्या. कॅसेटची एक बाजू, तीस मिनिटें. आई १९९१ सालीं गेली. पुढें २००६ सालीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मदतीनें घरांतल्या वीस कॅसेटा मीं संगणकांत उतरविल्या. टेपच्या कानांतून एक वायर संगणकाच्या पाठीमागें खोंचावयाची, कॅसेट लावावयाची, आणि ती संपेपर्यंत बसून राहावयाचें. साऱ्या वीस कॅसेटा एकाच चकतींत बसाव्यात ह्या हव्यासानें मीं सेकंदाला १,२८,००० ऐवजीं ६४,००० हा आंकडा निवडला. अंकगणित बरोबर होतें: ५७ कोटि ६० लक्ष बाइट, चकतींत आरामांत मावतील इतके. मग त्याच एमपीथ्रीवरून ओव्यांच्या तीन साध्या सीड्या भरून मीं भावंडांना वाटल्या, आणि सगळ्या कॅसेटा भंगारवाल्याला देऊन टाकल्या.

आठ दिवसांनीं निवांतपणें सीडी लावली. आईचा आवाज होता. ओवीचा शब्द न् शब्द कळत होता. पण जातें कोठें गेलें? घरघरीच्या जागीं पाणी बुडबुडावें तसा एक विचित्र खळखळाट, मधेंच येणारा, मधेंच जाणारा. यंत्र बिघडलें असें वाटून मीं विद्यार्थ्याला बोलाविलें. त्यानें समजावून सांगितलें, आणि नंतर मीं पुष्कळ वाचलें, तें असें. सुराला ठराविक जागा असते, तो थोडक्या आंकड्यांत पकडतां येतो. जात्याच्या घरघरीला सूर नाहीं. तिच्यांत सगळेच पट्टे एकदम भरलेले असतात. आंकडे अपुरे पडले कीं यंत्र आज हा पट्टा सोडतें, उद्यां तो. त्यांतून तो खळखळाट उठतो. दगडावर दगड फिरण्याचा तो आवाज यंत्राच्या हिशेबांत खर्चाला न परवडणारा ठरला.

"पण सीडी भरतांना पुन्हां अकरापट, बावीसपट आंकडे झालेच कीं!" असें मीं त्याला म्हणालों. तो हंसला. शाळेंत आम्ही मुलांना सारांशलेखन देत असूं. दहा पानांचा धडा एका पानांत आणावयाचा. तें एक पान दुसऱ्या मुलाला देऊन, ह्याचीं पुन्हां दहा पानें कर, म्हटलें तर तो करील. पानें दहा भरतील, पण ते शब्द मूळ लेखकाचे नसतील. एमपीथ्रीवरून भरलेली सीडी ही अशी. उलट २००१ सालीं निघालेली फ्लॅक नांवाची रीत जागा साधारण निम्म्यावर आणते आणि तरीहि एकहि आंकडा टाकीत नाहीं. म्हणजे 'रूपांतर' ह्या एकाच शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न व्यवहार दडलेले आहेत: एक घडी घालण्याचा, दुसरा कातरण्याचा. घडी पुन्हां उलगडतां येते. त्या वेळच्या कोणत्याहि प्रणालीच्या यादींत हे दोन्ही एकाखालीं एक दिसत आणि दोहोंच्या शेजारचें बटण सारखेंच असे. चूक माझी होती हें खरें, पण माझ्यासारखे हजारों असतील, असें मला राहून राहून वाटतें.

त्या तीन सीड्यांचेंहि पुढें काय झालें तें ऐकण्यासारखें आहे. भाजून लिहिलेला रंग ऊन आणि उष्णता ह्यांनीं हळूहळू विटतो. भावाची सीडी खिडकीजवळच्या फळीवर उभी असे. ती काहीं वर्षांत मुकी झाली. दुसरीवर मीं स्वतः बॉलपेननें ठसठशीत अक्षरांत नांव घातलें होतें. लोक तबकडीच्या खालच्या बाजूला जपतात. वस्तुतः खालीं मिलिमीटरभर जाडीचें प्लॅस्टिक आहे, आणि आरशावर वरच्या बाजूनें नुसता लाखेसारखा पातळ लेप. बॉलपेनचें टोंक त्या आरशालाच लागतें. ती सीडी दुसऱ्या ओवीपाशीं अडखळते. तिसरी अजून वाजते. तिच्यांत आई आहे आणि बुडबुडे आहेत.

गेल्या वर्षीं धाकट्या बहिणीनें माळा आवरतांना एक कॅसेट काढून पुढें ठेवली. "दादा, ही बघ. तूंच दिली होतीस." १९८६ सालीं तिच्या लग्नानंतर मीं दुकानांतून ओव्यांची एक प्रत भरून तिला दिली होती, हें मी साफ विसरलों होतों. दुसऱ्या हातची कॅसेट, खसखस भरपूर. फितीचा दाबपट्टा गळून पडला होता, तो दुसऱ्या कॅसेटींतला काढून बसविला. वाजणारा टेप मिळावयास तीन आठवडे गेले. ह्या वेळीं एकहि आंकडा टाकला नाहीं: अर्ध्या तासाचे ३१ कोटि ७५ लक्ष २० हजार बाइट. आज एवढी जागा खिशांतल्या टेलिफोनांत नातवंडांच्या चित्रफितींना रोज लागते.

खसखशीच्या मागून जातें चांगलें ऐकूं येतें. दाणे नवे पडले कीं घरघर जड होते, सरत आले कीं हलकी होते. ओवीचा दुसरा चरण नेहमीं त्या हलक्या घरघरीवर येतो, हें मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतें. सत्ताविसाव्या मिनिटाला जातें थांबतें. पदर झटकल्याचा आवाज होतो, आणि आई म्हणते, "बंद कर रे तें आतां, पीठ भरूं दे."